अंगण पाव मिलिमीटरने वाकडं आहे

परवा मरोळमधल्या एका सभागृहात एअर पिस्तूल शिकणाऱ्या मुलांच्या पालकांची बैठक होती. मार्गदर्शनाला एक ज्येष्ठ प्रशिक्षक आले होते. माणूस अनुभवी, बोलणं ठसक्याचं. प्रश्नोत्तरांत एका आईने विचारलं, "सर, मुलीच्या पिस्तुलाची मागची साइट नीट बसत नाही असं ती म्हणते. बदलून घ्यावी का?" सर हसले. म्हणाले, "ताई, नाचता येईना अंगण वाकडं. साइटला हात लावायचा नाही. कंपनीने बसवली तशी राहू द्या. चूक हातात असते, लोखंडात नसते."

टाळ्या पडल्या. चाळीस वर्षं मरोळ एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये काढली नसती, तर मीही वाजवल्या असत्या.

लोखंडात चूक नसते! आमच्या धंद्यात असं बोलणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात घरी पाठवतात. लोखंडात चूक असतेच. ती किती आहे एवढाच प्रश्न असतो, आणि ते मोजायला व्हर्नियर, डायल, फीलर गेज ही सगळी हत्यारं जन्माला आली. सरांविषयी मला आदर आहे. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पदकं घेऊन आली आहेत. पण त्यांचं हे वाक्य पालकांच्या डोक्यात बसलं तर पुढची दहा वर्षं मरोळ-अंधेरीतली मुलं वाकड्या अंगणात नाचतील आणि पाय आपलाच वाकडा समजून रडतील. म्हणून हा प्रतिवाद.

आधी दहा मीटरच्या रेंजवर जाऊन उभे राहू. तिथे रायफलवाले आणि पिस्तूलवाले शेजारीशेजारी सराव करतात. रायफलवाला दोन गोळ्या मारतो, स्क्रीनकडे बघतो, मागच्या साइटची गुंडी दोन क्लिक फिरवतो. कोणी काही बोलत नाही. उलट 'पोरगं समजून खेळतंय' म्हणतात. शेजारच्या लेनमधल्या पिस्तूलवालीने तेच केलं की लगेच अंगण आणि नाच सुरू. का बरं? कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन रायफलमध्ये ५९७ गुण मिळवून जागतिक विजेतेपद घेतलं. उघड्यावरच्या त्या प्रकारात वारा बघून क्लिक फिरवणं हे खेळाचंच अंग आहे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या थ्री पोझिशन प्रकारात कांस्य मिळवलं, त्यात गुडघ्यावरून पोटावर आणि पोटावरून उभं राहताना साइट पुन्हा लावावी लागते. तिथे कोणी म्हणत नाही की कंपनीने बसवली तशी राहू दे.

आणि बीजिंग विसरलात का, सर? ११ ऑगस्ट २००८. अभिनव बिंद्रा यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, की फायनलआधीच्या सरावातली त्यांची पहिलीच गोळी चारच्या घरात गेली. रायफलची साइट जागेवर नव्हती. त्या क्षणी त्यांनी 'चूक हातात असते' असं म्हणत हाताला दोष दिला असता, तर भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण तिथेच गेलं असतं. त्यांनी हात साइटला लावला, भराभर क्लिक फिरवले, आणि ७००.५ वर थांबले. आपल्या ग्रुपवर, म्हणजे आपल्या गोळ्या एकाच जागी पडतात यावर, विश्वास असलेला माणूसच इतक्या शांतपणे लोखंडावर संशय घेऊ शकतो.

मग पिस्तुलाबाबतच ही सोवळ्याची भाषा कुठून आली? माझा तर्क सांगतो. आपल्याकडची पिस्तूल शिकवण्याची जुनी परंपरा खाकीतून आली. मरोळला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे इथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरची मागची साइट म्हणजे वरच्या पट्टीत कोरलेली एक खाच. तिला फिरवायचं काही नसतंच. आणि ते बरोबरही आहे! कमरेला लावून धावायचं, जीपमधून उडी मारायची, अंधारात खेचून काढायचं, अशा हत्याराला गुंडी असेल तर ती नेमकी नको तेव्हा फिरेल. तिथे उस्ताद 'हात लावू नका' म्हणाले तर त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. पण तोच उस्ताद निवृत्त होऊन रेंजवर आला आणि सोबत तो नियमही घेऊन आला. मॅच पिस्तूल कमरेला लटकत नाही. ते फोमच्या पेटीतून येतं आणि पेटीत जातं. त्याच्या मागच्या साइटला दोन-तीन स्क्रू दिलेत ते शोभेला नव्हेत.

आता जरा हिशोब करू. सरांनी भाषणात एकही आकडा सांगितला नाही, म्हणून मी सांगतो.

मॅच एअर पिस्तुलात पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३२० मिलिमीटर अंतर असतं. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे १०,००० मिलिमीटर. भागाकार केला तर ३१ आणि थोडं. म्हणजे मागची साइट जितकी सरकते, त्याच्या एकतीसपट गोळी टार्गेटवर सरकते. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छऱ्याची कड नुसती टेकली तरी दहा मिळतात, तेव्हा मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत दहा. आता मागची साइट पाव मिलिमीटर सरकवा, फक्त पाव, जाडसर व्हिजिटिंग कार्डाइतकी. गोळी ७.८ मिलिमीटर हलली. मधोमध जाणारी गोळी दहाच्या अगदी कडेवर आली, आणि कडेवरची नऊमध्ये गेली.

हा योगायोग वाटत असेल तर २५ मीटरचं पिस्तूल घ्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं तो प्रकार. तिथे नियमाने दोन साइटमधलं अंतर २२० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. पाव मिलिमीटरला गोळी २८ मिलिमीटर हलते. त्यातल्या सावकाश खेळायच्या प्रिसिजन भागाच्या टार्गेटवर दहाची हद्द, गोळीची जाडी धरून, जेमतेम तेवढीच. म्हणजे दोन्ही खेळांत दहाची किंमत मागच्या साइटवर पाव मिलिमीटर आहे. या पाव मिलिमीटरसाठी मुलं पहाटे उठतात, आणि आपण त्यांना सांगतो की लोखंडाकडे बघू नका.

त्याच हिशोबाची दुसरी बाजू पाहा, कारण ती जास्त महत्त्वाची आहे. दोन्ही साइट एका रेषेत ठेवून सगळा हात ५ मिलिमीटर डावीकडे गेला, तर गोळी ५ मिलिमीटरच डावीकडे जाते. दहाच मिळतात. हाताचा थरकाप माफ आहे. दोन साइटमधली तिरपाई माफ नाही, ती एकतीसपटीने वसूल होते. म्हणून पिस्तूल खेळणाऱ्याने नजर पुढच्या साइटच्या पात्यावर ठेवावी आणि काळं वर्तुळ धूसर राहू द्यावं, असं सगळे प्रशिक्षक सांगतात. सरही सांगतात. मग पुढचं पातं मागच्या खाचेत नेमकं मध्ये आहे की नाही, हे ज्या खाचेतून बघायचं ती खाच बघणाऱ्या डोळ्याला साजेशी हवी की नको? चष्मा कंपनीने दिला तसाच वापरा, असं आपण कुणाला सांगतो का?

'कंपनीने बसवली तशी' या वाक्यावर मला थोडं रेंगाळायचंय, कारण खरी गोम तिथे आहे. कंपनीने ती कोणाच्या हातासाठी बसवली? कारखान्यात साइट लावणाऱ्याने तुमची मुलगी पाहिलेली नसते. समजा पुढचं पातं ४.५ मिलिमीटर रुंद आहे आणि मागची खाच ४ मिलिमीटर. बाप पिस्तूल धरतो तेव्हा त्याच्या डोळ्यापासून मागची साइट ७०० मिलिमीटरवर आणि पुढची १०२० वर. लांबच्या वस्तू लहान दिसतात, या हिशोबाने खाचेच्या ठिकाणी ते पातं त्याला ३.०९ मिलिमीटरचं दिसतं. दोन्ही बाजूंना उजेडाची फट उरते ०.४६ मिलिमीटर. तेच पिस्तूल तेरा वर्षांच्या मुलीने धरलं. तिचा हात आखूड; मागची साइट ४८० वर, पुढची ८०० वर. तिला पातं दिसतं २.७ मिलिमीटरचं आणि फट उरते ०.६५ ची. पिस्तूल एक, साइट एक, पण मुलीला बापाच्या जवळजवळ दीडपट फट दिसते. ती म्हणते, "पातं खाचेत लोंबकळतंय." आपण म्हणतो, "लक्ष दे."

फट किती हवी, याचं एकच उत्तर नाही, आणि जो एकच उत्तर देतो त्याच्यापासून सावध राहावं. अरुंद फटीत पातं मधून जरा हललं तर चटकन कळतं, पण उजेड कमी असला की फट मिटते आणि डोळा ताणतो. रुंद फटीत डोळा निवांत राहतो, पातं आपोआप मध्ये शोधतो, पण सूक्ष्म चूक लपते. २५ मीटरच्या खेळाच्या रॅपिड भागात टार्गेट तीन सेकंद दिसतं. हात खालून वर आणून गोळी सोडायची. तिथे फट हवी मोकळी. साठ गोळ्या सावकाश खेळायच्या एअर पिस्तुलात थोडी घट्ट चालते. वय झालं की पुन्हा मोकळी लागते. मी स्वतः साठी ओलांडल्यावर खाच दोनदा वाढवली आणि चष्म्याच्या लांबच्या नंबरात अर्ध्याची भर घालून फक्त रेंजसाठी वेगळी काच करून घेतली. (ती काच चष्म्यातच असावी लागते. साइटवर भिंग चिकटवणं नियमात बसत नाही. तसंच दुर्बीण, लेझर, आरसा काहीही नाही. उघडी साइट म्हणजे उघडी साइट.) बहुतेक चांगल्या मॅच पिस्तुलांत खाचेची रुंदी स्क्रूने कमीजास्त होते, काहींत खोलीही. तो स्क्रू पाच वर्षांत एकदाही न फिरवलेली पिस्तुलं मी पाहिली आहेत. चोवीस रकान्यांचा डबा घ्यायचा आणि एकाच रकान्यात मीठ ठेवायचं, तसा प्रकार.

आता सरांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांच्या वाक्यात एक खरं बी आहे आणि ते मी नाकारणार नाही.

प्रत्येक गोळीनंतर क्लिक फिरवणारं पोर मी पाहिलं आहे, आणि त्याचा हात धरावासा वाटतो. टूलरूममध्येही असा एक ऑपरेटर असतो. जॉब जरा मोठा आला की ऑफसेट मायनस, पुढचा जरा लहान आला की प्लस. दिवसअखेर त्याचे जॉब सगळ्यांत वाईट. हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही, गणित आहे: दर वेळी आधीच्या चुकीइतकी उलट दुरुस्ती करत गेलात तर पसारा कमी होत नाही, १.४ पट वाढतो. तुमचं यंत्र आधी ठीक असेल तर तुम्ही त्याला बिघडवता. म्हणून एका गोळीवर कधीही क्लिक नाही. दहा गोळ्या मारा, एकाच पद्धतीने, स्कोअरकडे न बघता. त्या दहांचा मध्य काढा. एका गोळीपेक्षा तो तिपटीने भरवशाचा असतो. मग एकदाच फिरवा. पुन्हा दहा मारा. इथपर्यंत सर आणि मी एका बाकावर आहोत.

पण सर इथे थांबत नाहीत. ते म्हणतात चूक नेहमी हातात. आणि 'नेहमी' या शब्दाला माझा विरोध आहे. ग्रुप किती पसरला हे हात सांगतो, ग्रुप कुठे बसला हे साइट सांगते. पसरलेल्या ग्रुपवर साइट फिरवणं मूर्खपणा आहे, पण घट्ट ग्रुप बाजूला बसला असताना हात बदलणं त्याहून मोठा मूर्खपणा आहे. दुसऱ्या प्रकारचा मूर्खपणा आपल्याकडे शिस्त म्हणून शिकवला जातो.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. वय तेरा. ती जिथे शिकत होती तिथे एक पिस्तूल पाच जणांत फिरायचं. तिचा ग्रुप पाचच्या नाण्याएवढा, पण वर-उजवीकडे, आठमध्ये. तिला सांगण्यात आलं की मनगट वळतंय, ग्रिप बदल. तिने आज्ञाधारकपणे मनगट वाकवून गोळ्या मध्ये आणायला सुरुवात केली. दोन महिन्यांत ग्रुप मध्ये आला खरा, पण नाण्याची वाटी झाली. वाकडं मनगट साठ गोळ्या टिकत नाही. चाळिसाव्या गोळीला सुटतं. मग ती नेहमीच्या जागी नेम धरायचं सोडून आणखी खाली-डावीकडे नेम धरू लागली. म्हणजे पांढऱ्या कागदावर, जिथे धरायला काही खूणच नाही, तिथल्या एका काल्पनिक ठिपक्यावर. एका स्पर्धेत दुसऱ्या रेंजवर गेली, उजेड वेगळा होता, ठिपका हरवला. घरी येऊन म्हणाली, "काका, मला जमत नाही."

मी तिला जुन्या ग्रिपने दहा गोळ्या मारायला सांगितल्या. नाणं परत आलं. मध्य १४ मिलिमीटर उजवीकडे, १२ वर. पिस्तूल तिच्या आधी एका उंच पुरुषाकडे होतं आणि साइट त्याच्या हाताला लावलेली होती, एवढंच! ३१ ने भागलं: साइट ०.४५ डावीकडे, ०.३८ खाली. त्या साइटचा एक क्लिक टार्गेटवर साधारण दीड मिलिमीटर. नऊ क्लिक डावीकडे, आठ खाली. पुढच्या दहा गोळ्या जिथे पाहिजे तिथे. यात माझं कर्तृत्व शून्य. ग्रुप तिचाच होता, दोन महिने तिच्यापासून हिरावलेला.

त्या मुलीला कोणी दुष्टपणे फसवलं नव्हतं. 'नाचता येईना' ही म्हण तिच्या शिक्षकांना इतकी आवडत होती की अंगणात ओळंबा लावून बघायचं कोणाला सुचलंच नाही.

दुसऱ्या टोकालाही एक सावधगिरी. बैठकीनंतर दोन पालक मला म्हणाले, "मग नवी इम्पोर्टेड साइट घेऊनच टाकू." थांबा. आधी जुनीला फीलर गेज लावा. मागच्या साइटचं पातं अंगठ्याने हलकं दाबा, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. हललं का? ०.१ मिलिमीटरची ढिलाई म्हणजे टार्गेटवर ३ मिलिमीटर. ही ढिलाई बऱ्याचदा आत अडकलेल्या धुळीमुळे किंवा दमलेल्या स्प्रिंगमुळे असते. वरळीच्या रेंजवरच्या खाऱ्या वाऱ्यात आणि आपल्या पावसाळ्यात बारीक स्क्रू गंजतात, क्लिकचा आवाज येतो पण पातं सरकत नाही. साफ करा, तेलाचा एक थेंब द्या, स्प्रिंग बदला. निम्म्या साइट इथेच बऱ्या होतात. लेथवर काम केलेल्याला बॅकलॅश सांगायला नको: उलट फिरवताना दोन क्लिक पुढे जाऊन परत यायचं, म्हणजे स्क्रू नेहमी एकाच बाजूने टेकतो.

एवढं करूनही नवी घ्यायची वेळ आली, तर कॅटलॉगातला फोटो बघून घेऊ नका. मॅच पिस्तुलाची मागची साइट बहुधा त्या त्या मॉडेलचीच असते; पिनेचा व्यास आणि दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. त्यानंतर उंची. नवी साइट जुनीपेक्षा एक मिलिमीटर उंच असली तर गोळी ३१ मिलिमीटर वर जाईल. तेवढं खाली आणायला तिच्या स्क्रूत जागा आहे का? नसेल तर पुढचं पातंही बदलावं लागेल. इथे एक गोष्ट लोक विसरतात. पिस्तूलवाला काळ्याच्या मध्यावर नेम धरत नाही, काळ्याच्या खालच्या पांढऱ्यात धरतो. काळं ५९.५ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे गोळी नेमाच्या जागेपासून चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर वर बसायला हवी, आणि ते उंचीच्या स्क्रूतूनच येतं. स्क्रू अगदी टोकाला पोहोचलेला असेल तर ती साइट तुमची नाही. आणि सगळं बसवल्यावर पिस्तूल नियमातल्या ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या चौकटीत मावतंय ना, ते पाहा. स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे तपासणीच्या, टेबलावर हे कळणं म्हणजे लग्नाच्या मांडवात पत्रिका न जुळणं.

बसवताना घाई नको. स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या आट्यात जोर करून पिळला की आटे गेलेच. दोन बोटांनी पिळा, मुठीने नव्हे. चकाकणारं पातं असेल तर कापूर जाळून त्याची काजळी धरा. आमच्या पिढीने हेच केलं, अजूनही याहून मिट्ट काळं काही मिळालेलं नाही. अनेक जर्मन साइटवर 'एच' कोरलेलं असतं. तो 'होख', म्हणजे उंच. गोळी उंच जात असेल तर त्या दिशेने फिरवा, असा त्याचा अर्थ. गोळी उंच न्यायला फिरवा, असा नव्हे. किती मुलांनी या एका अक्षरापायी अर्धा सराव उलटा केला असेल देव जाणे. बाण काहीही सांगो, पाच क्लिक फिरवून पाच गोळ्या मारून पाहा आणि वहीत लिहा. मूळ नियम साधा आहे: गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट न्या.

मरोळमध्ये बुश टर्न करून देणारे, वायरकटवर खाच कापून देणारे गाळे गल्लोगल्ली आहेत, आणि इथला कारागीर शंभरावा भाग सांभाळून काम करतो हे मी शपथेवर सांगेन. ४.५ मिलिमीटरच्या मॅच एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, त्यामुळे त्याची शिम किंवा पातं करून घ्यायला हरकत नाही. पण .२२ चं पिस्तूल घेऊन कोणी गाळ्यात जाऊ नये. ते १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचं अग्निशस्त्र आहे. त्याला हात लावायचा तो परवानाधारक गनस्मिथने. ओळखीच्या टर्नरला अडचणीत आणू नका.

मला उत्तर म्हणून कोणी म्हणेल, मुलांना हे सगळं कशाला? आधी उभं राहायला शिकू दे. मान्य, पहिले सहा महिने शिकू दे. पण सहा महिन्यांनंतरही जिला आपल्या हातातल्या वस्तूचा एक क्लिक म्हणजे किती, हे माहीत नाही, ती शूटर नाही, भाडेकरू आहे. सायकल शिकणाऱ्या पोराला आपण सीट वरखाली करायला देतोच की. त्याचे पाय टेकत नाहीत तेव्हा 'पाय लांब कर' असं सांगत नाही.

सर, तुम्ही हे वाचाल याची मला खात्री आहे. मरोळ नाक्यावरून आता भुयारी मेट्रो थेट वरळीला जाते. पूर्वी बस, लोकल, पुन्हा बस करत पिस्तुलाची पेटी मांडीवर घेऊन जायचो, ते दिवस गेले. येत्या रविवारी सकाळी मी वरळीच्या रेंजवर आहे. फीलर गेज, व्हर्नियर आणि कापूर घेऊन येतो. तुमचं स्वतःचं पिस्तूल आणा, ज्याच्या साइटला तुम्ही कधी हात लावला नाही. दहा गोळ्या मारा. ग्रुपचा मध्य आपण दोघं मिळून मोजू.

आणि त्या बैठकीतल्या ताईंना सांगतो: तुमची मुलगी म्हणते साइट बसत नाही, तर आधी तिच्या डोळ्यापासून मागच्या साइटचं अंतर टेपने मोजा. टेप घरात असेलच.